गोळ्या लपवून किडनी देऊ नका

भावाला किडनी द्यायची आहे, पण नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरांना सांगावं का? माझं मत, सांगावंच. लिथियम वर्षानुवर्षं घेतल्यास किडनीलाच इजा होऊ शकते. सगळी औषधं तशी नसतात. हे डॉक्टरांनी तपासायचं. तपासणीपुरत्या गोळ्या बंद करणं तर जास्तच धोक्याचं.

अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीने मानसिक आजारी व्यक्तीचा अवयव जिवंतपणी काढण्यास मनाई केली. हेतू चांगला, दुर्बळावर जबरदस्ती होऊ नये. पण औषधाने सावरलेली, स्वतःचं भलंबुरं समजणारी बहीण केवळ गोळीमुळे अपात्र ठरू नये. निर्णयक्षमता पाहा, चिठ्ठी नव्हे.

जीव वाचवणं सवाबच. पण देणाऱ्याचं शरीरही अल्लाहची अमानत आहे. झेपत नसेल तर नकार देणं गुनाह नाही.