सावकाराला सांगितलेला धोका गावालाही सांगा



मोठ्या वीज कंपन्या दरसाल जाडजूड अहवाल छापतात. त्यात हल्ली एक प्रकरण हवामान बदलाच्या जोखमीचं असतं. हवामान बिघडलं तर कंपनीचं काय काय बिघडेल, याचा तो हिशेब. हा कागद इंग्रजीत असतो, गावात कधी येत नाही. तरी तो आपण समजून घ्यायला पाहिजे. कारण त्या हिशेबात आपली जमीन आहे, आपलं पाणी आहे. फक्त आपलं नाव नाही.

आधी हा कागद तयार कसा होतो ते पाहू. बड्या देशांच्या वित्तीय स्थैर्य मंडळाने २०१५ साली एक कार्यगट नेमला. त्याने २०१७ साली असा अहवाल लिहिण्याची रीत घालून दिली. धोक्याचे दोन खण केले. पहिला खण प्रत्यक्ष धोक्याचा : दुष्काळ, पूर, वादळ, वाढता उन्हाळा. दुसरा खण बदलाच्या धोक्याचा : उद्या कोळशावर कर बसेल, बँका कर्ज देणार नाहीत, गिऱ्हाईक सौर विजेकडे जाईल. मग जग दीड-दोन अंशांनी तापलं तर काय आणि त्याहून जास्त तापलं तर काय, असं धरून कंपनीचा तोटा मांडायचा. या दोन खणांच्या जोडीला आणखी एक खण असतो, 'संधी' नावाचा. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

आपल्या देशात सेबीने २०२१ साली नियम केला. २०२२-२३ पासून शेअरबाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि समाजाबद्दलचा अहवाल देणं सक्तीचं झालं. एनटीपीसी, टाटा पॉवर, अदानी पॉवर त्यात येतात. महानिर्मिती सरकारची आहे, तिचे शेअर बाजारात नाहीत. म्हणून तिला ही सक्ती नाही.

आता परळीकडे बघा. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं ते औष्णिक वीज केंद्र महानिर्मितीचंच. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर चालणारं. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणी संपलं आणि केंद्र बंद पडलं. २०१५ च्या जुलैत परत बंद. तेव्हा त्याची क्षमता ११३० मेगावॅट होती. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं. त्याच दुष्काळात २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणजे ज्याला आता 'प्रत्यक्ष धोका' म्हणतात, तो शिरूर अनंतपाळ, निलंगा, चाकूरच्या माणसाने कागदाच्या आधीच भोगला आहे. त्या साली बायांनी रात्र-रात्र टँकरची वाट पाहिली, जित्राबं कवडीमोल बाजारात गेली. ऊस तोडणारे आणि रोजाने राबणारे गाव सोडून गेले.

पण कंपनीच्या खणात यातलं काय बसतं? केंद्र किती दिवस बंद राहिलं आणि किती वीज बुडाली, एवढंच. कारण हा हिशेब ज्याने पैसा लावला त्याच्यासाठी केलेला असतो. हवामान कंपनीचं काय करील, हे तो सांगतो. कंपनी हवामानाचं आणि माणसांचं काय करते, हा सवाल मागे राहतो. सावकाराला घराची पडकी भिंत दाखवावी आणि घरात कोण राहतं ते सांगूच नये, असा हा प्रकार आहे.

कोळसा येतो कुठून, तेही बघा. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात तमनार तालुक्यात गारे पेलमा सेक्टर दोन ही कोळसा खाण महानिर्मितीला मिळालेली आहे. तिथं आपल्यासारखीच आदिवासी गावं आहेत. २०२४ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित लवादाने खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच साली ती पुन्हा देण्यात आली. २०२५ च्या जूनमध्ये मुडागाव परिसरात पोलीस बंदोबस्तात झाडं तोडली गेली, लोक विरोध करत होते तरी. आपल्या घरचा दिवा ज्या जंगलावर जळतो, ते जंगल कुणाचं तरी घर आहे. हे आपण विसरता कामा नये.

आता 'संधी'चा खण. कोळशाचं दिवस भरत आले म्हणून कंपन्या सौर आणि वाऱ्याच्या विजेकडे वळताहेत. त्याला जमीन लागते. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, पण गायरान आहे, माळ आहे. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळची सरकारी जमीन नाममात्र भाड्याने देता येते. वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा. म्हणजे त्यांच्या कागदावरची संधी ती आपली चराई, आपलं सरपण, भूमिहीनाने नांगरलेला तुकडा. एका पिढीसाठी तो कुंपणाआड जाऊ शकतो.

आम्ही सौर विजेच्या विरोधात नाही. रात्री दोनला मोटार चालू करायला जाऊन साप-विंचवाच्या तोंडी जाणारा शेतकरी आमचाच आहे. दिवसा वीज पाहिजेच. सवाल इतकाच, की जमीन कुणाची जाते आणि विचारतं कोण?

म्हणून आमचं म्हणणं असं.

एक, गायरान देण्याचा ठराव येईल तेव्हा कंपनीने तिचा धोक्याचा कागद मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा. पाणी कमी पडणार असं बँकेला लिहून देता, तर 'काही होत नाही' असं आम्हाला सांगता येणार नाही. तो कागद त्यांच्याच सहीचा आहे, तो आपला पुरावा आहे.

दोन, गायरानावर कोण कसतं, कुणाची जनावरं चरतात, मसणवटा कुठं आहे, याची यादी गावाने आधी करावी. अनुसूचित जाती-जमातीच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय नोव्हेंबर १९९१ चा आहे. गाव नमुना एक-ई ची नोंद आणि दंडाच्या पावत्या जपून ठेवा, त्यांच्या नकला काढा.

तीन, किनवट-माहूरकडच्या वनगावांनी सामूहिक दावे पुरे करावेत. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं, की दाव्यांची पडताळणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला हटवता येत नाही. कलम ५ जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं.

चार, आपण आपला अहवाल लिहू. साधी वही घ्या. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटली, मोहाला फूल कधी आलं, किती घरं कामाला बाहेर गेली, डीपी जळाल्यावर किती दिवस अंधार होता. तारीख घाला, ग्रामसभेत वाचा, ठरावात नोंदवा.

कंपनी तिचा तोटा मोजते. आपला तोटा आपल्यालाच मोजावा लागेल. औंदाच्या पहिल्या ग्रामसभेत ही वही उघडा.