प्रवासातला चार्जर किती वॅटचा?

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावातून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पिशवीत आता वह्यांसोबत लॅपटॉपही असतो. बहुधा जुना, आईबापांच्या मजुरीच्या पैशातून घेतलेला. तेव्हा बंधुभगिनींनो, आज त्याच्या चार्जरविषयी.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. भाचा छत्रपती संभाजीनगरला शिकतो. लॅपटॉपचा मूळ चार्जर जड, म्हणून तो घरी ठेवून त्याने मोबाईलचा ८० वॅटचा चार्जर नेला. आकडा मोठा, मग काळजी कसली? परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत गेली आणि लॅपटॉप बंद पडला. मित्राच्या लॅपटॉपवरून रात्री उशिरा अर्ज गेला, म्हणून वर्ष वाचले.

असे का झाले? मोबाईलच्या चार्जरचा तो वेग पुष्कळदा त्याच कंपनीच्या मोबाईलपुरता असतो. दुसऱ्या यंत्राला तो दहा-पंधरा वॅटच देतो. म्हणून मोठा आकडा पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. टाइप-सी लॅपटॉपसाठी तिथे 'पीडी' आणि २० व्होल्ट लिहिलेले हवे. २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. हिशेब शाळेतलाच आहे.

मग किती वॅटचा घ्यावा? ३० वॅटचा चार्जर मुठीत मावतो, स्वस्तही पडतो. पण लॅपटॉप चालू असताना १५ वॅट खात असेल तर बॅटरीला उरले १५च. ५० वॅट-तासांची बॅटरी भरायला तीन तासांहून जास्त लागणार. १०० वॅटचा महाग आणि जड. त्याने लॅपटॉप बिघडत नाही, पण लॅपटॉप आपल्याला हवे तेवढेच घेतो, बाकीचे पैसे वाया. शिवाय साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटच वाहते; पुढे ५ अँपिअरची केबल वेगळी घ्यावी लागते. अभ्यासाच्या साध्या लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅट पुष्कळ झाले. दोन तोंडांचा घेतलात तर मोबाईल जोडताच वॅट वाटले जातात, हेही दुकानदाराला विचारून घ्यावे.

'गॅन' नावाचे नवे चार्जर तेवढ्याच वॅटला आकाराने लहान असतात. किंमत जास्त, पण रोज एस.टी.ने जाणाऱ्याला ती परवडते. मात्र लहान डबीत उष्णता कोंडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, ती गोधडीखाली ठेवू नये. उष्णतेने बॅटरीही लवकर म्हातारी होते. रात्र हाताशी असेल तेव्हा सावकाश भरलेले बरे; वीज तासभरच येणार असेल तर मात्र वेग हवाच.

जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपला पिन बरोबर बसली पाहिजे, व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. रेल्वेत काही ठिकाणी ११० व्होल्टचे सॉकेट असते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर तिथेही चालतो.

अशा चार्जरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर घालून पाहता येतो. भाच्याने या खेपेला दुकानात उभे राहूनच तो घालून पाहिला, मग ६५ वॅटचा चार्जर घेतला. जुना जड चार्जर गोरेगावच्या घरी भिंतीलाच लावून ठेवला आहे, सुट्टीत आला की कामी येतो.