गाडीचं दुखणं आपणच का सांगू नये?

उन्हाळा लागला की आमच्या भागात एक दृश्य हमखास दिसतं. बँकेसमोर किंवा बाजारात एखादी गाडी अडून बसलेली असते. बॉनेट उघडलेलं, त्यात चार-पाच पुरुषांची डोकी आणि जी ती गाडी चालवत आली ती बाई मात्र डोक्यावर पदर घेऊन टपरीच्या सावलीत! सकाळी घरून निघताना गाडी एका झटक्यात सुरू झालेली असते, पंचवीस-तीस किलोमीटर बिनतक्रार धावलेलीही असते. दहा मिनिटांसाठी बंद केली आणि नडली. तासाभराने हीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. मग संशय गाडीवर नाही, बाईवर! “तुम्हाला नीट स्टार्ट करता आली नसेल, वहिनी!”

हे वाक्य मला फार खटकतं. कारण गरम झाल्यावर सुरू न होणं हे गाडीचं खरंखुरं दुखणं आहे, आणि ते लपंडाव खेळणारं आहे. गॅरेजात नेईपर्यंत इंजिन निवतं आणि मेकॅनिकसमोर गाडी शहाण्यासारखी वागते. दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो ना, अगदी तसंच! अशा वेळी डॉक्टर कोणाला विचारतात? आईला. ताप कधी चढतो, किती वेळ राहतो, सोबत आणखी काय होतं, हे तीच सांगू शकते. गाडीच्या बाबतीत ही साक्ष देऊ शकते ती फक्त चालवणारी. तिनेच “मला काय कळतंय त्यातलं” म्हटलं, की पुढचा सगळा कारभार अंदाजपंचे!

आमच्या बचत गटाच्या कामातल्या एका ताईंचंच बघा ना. त्या स्वतः गाडी चालवून गावोगाव बैठकांना जातात. गाडी गरम झाली की नडू लागली. एका गॅरेजात आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप. दुखणं जिथल्या तिथे. आजार रेड्याला अन् औषध पखालीला! शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने गाडी चांगली तापवून, ती नडलेली असतानाच तपासली, तेव्हा क्रँकशाफ्टजवळचा एक लहानसा सेन्सर बिघडलेला निघाला. दरम्यान घरात काय ठरलं होतं माहीत आहे? “संध्याकाळी रस्त्यात अडकलीस म्हणजे? त्यापेक्षा गाडी चालवणंच सोड.” तेवढ्या दिवसांत लांबच्या गावांतल्या बैठका बंदच पडल्या. म्हणजे बिघाड सेन्सरचा आणि घरी बसायचं बाईनं!

गरम झाल्यावरच असं का होतं, हे समजायला अवघड नाही. गाडी चालू असते तेव्हा पाणी फिरतं, वारा लागतो, पंखा मधून मधून चालू होतो. बंद केली की हे सगळं थांबतं आणि इंजिनची धग बॉनेटखाली कोंडते. म्हणून बंद केल्यानंतर थोडा वेळ तिथलं तापमान उलट वाढतं. नेमकं तेव्हाच दुबळे भाग दगा देतात.

म्हणून मैत्रिणींनो, गाडी नडली की आधी तीन गोष्टी टिपायच्या.

पहिली, आवाज. चावी फिरवल्यावर नुसतंच ‘टक्’ होतंय, की सेल्फ इंजिन फिरवतोय पण गाडी पेट घेत नाही? नुसतं ‘टक्’ असेल किंवा सेल्फ रडतखडत फिरत असेल, तर बॅटरी, तिचे सैल किंवा पांढरट बुरशी धरलेले टर्मिनल, वायर नाहीतर खुद्द सेल्फची मोटर यांच्यावर संशय घ्यायचा. तापल्यावर वायर आणि सेल्फ यांचा अडथळा वाढतो, म्हणून थंड असताना कसंबसं भागणारं काम तेव्हा भागत नाही. सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर दोष पेट्रोलचा नाहीतर करंटचा.

दुसरी, वास. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर बहुधा पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे ओव्हरफ्लो. तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलला, तर गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, तसाच धरून सेल्फ मारला की बहुतेक गाड्या सुरू होतात. वास अजिबात नसेल, तर पेट्रोल पोचत नसेल. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पाइपातल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होते आणि पुरवठा तुटतो. त्यावर पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळायचा उपाय जुने ड्रायव्हर करत आलेत.

तिसरी, वेळ. किती मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली, हे घड्याळ बघून लिहून ठेवायचं. निवल्यावर दर वेळी सुरू होत असेल, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा पंप हे संशयित. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला होता का, तेही लिहा. एवढी चिठ्ठी हातात ठेवून मेकॅनिकला सांगायचं, “दादा, आधी गाडी गरम करा, मग तपासा. स्कॅनर लावा. आणि भाग बदलण्याआधी तो खराब कसा ठरला ते मला दाखवा.” चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

काही पथ्यं मात्र पाळायचीच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं. इंजिनवर पाणी ओतायचं नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. गाडीखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं, तर सेल्फ मारायचाच नाही, सगळ्यांना घेऊन लांब उभं राहायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही धोका वाटला तर ११२ हे नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

कोणी म्हणेल, घर सांभाळा, नोकरी करा, आता गाडीही बायकांनीच दुरुस्त करायची का? नाही हो! पाना हातात घ्यायची सक्ती नाही. पण यंत्र म्हणजे पुरुषांचा प्रांत, हे कोणी ठरवलं? जर्मनीतल्या बर्था बेंझ ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला शंभरावर किलोमीटर गाडीने गेल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातली ही दुरुस्ती एका आईच्या हातची आहे!

आपल्या महिला मंडळात पाककृती होतात, मेंदीचे वर्ग होतात. या उन्हाळ्यात एक दुपार गावातल्या चांगल्या मेकॅनिकला बोलवा, मंडळाच्या अंगणात गाडी उभी करा आणि बॉनेट उघडा. बॅटरी कुठली, सेल्फ कुठला, पाणी कुठे, ऑइल कुठे, एवढं प्रत्येकीने हात लावून बघावं. मुलींनाही सोबत आणा. चावी आपल्या हाती आलीच आहे, तर गाडीची तक्रारही आपल्याच तोंडून जायला हवी.