चार माणसांचा तंबू

परवा ऑफिसातल्या एका मित्रानं विचारलं, "फॅमिलीसाठी टेंट घ्यायचाय रे, चार जणांचा कुठला घेऊ?" मी म्हटलं, चार जणांचा घेऊच नकोस. तो हसला. त्याला वाटलं, हा नेहमीसारखं फेकतोय. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकू.

गेल्या मे अखेरीस आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. मी, बायको, सहा वर्षांची लेक आणि बाबा. तंबू ऑनलाइन घेतलेला, साडेतीन हजारांचा. पिशवीवर ठळक अक्षरात '४ पर्सन'. काजवे अप्रतिम! पण रात्री एकच्या सुमारास वळीव आला आणि पहाटेपर्यंत आम्ही चौघं मधोमध अंग चोरून बसलो. बाबांचे गुडघे आधीच दुखरे, त्यात बाहेर पडायचं तर रांगत. सकाळी ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हीच जा." ते वाक्य साडेतीन हजारांपेक्षा महाग पडलं.

घरी येऊन टेप लावली. २१० बाय २४० सेंटिमीटर. म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर रुंदी. साधारण रेल्वेच्या बर्थएवढी, तीही मध्ये फट न ठेवता. सॅक, चपला, पाण्याचे कॅन कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'शंभर यूजर चालतील' असं सांगतो ना, तसाच हा आकडा. खोटा नाही, पण खराही नाही. माझं सरळ गणित: माणसं अधिक दोन. आणि लांबी-रुंदीच्या आधी उंची बघा. घरात म्हातारं माणूस असेल तर उभं राहता येणं ही चैन नव्हे.

दुसरं, पाणी. 'वॉटरप्रूफ' या शब्दाला काही अर्थ नाही, मिलिमीटरचा आकडा विचारा. १००० मिमी म्हणजे कापडावर एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत ते झिरपत नाही. ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्याशा जागेवर बराच भार येतो, म्हणून खालच्या कापडाचा आकडा वरच्यापेक्षा मोठा हवा. शिवणींवर आतून टेप आहे का तेही बघा. आमच्या तंबूचं कापड एकेरी आणि वर नुसती टोपी. अशात पाऊस नसला तरी आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमून टपकते. बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येणारा दुहेरी तंबूच घ्या.

आता पैसे. महाग तंबूत आपण बऱ्याचदा हलकेपणाचे पैसे देतो. ॲल्युमिनियमच्या काठ्या हलक्या, फायबरग्लासच्या जड आणि चिरफळणाऱ्या. पाठीवर घेऊन गड चढणाऱ्याला हलकेपणा हवाच. पण आपण डिकीत टाकून नेणार! तिथे दोन किलो वाचवण्यापेक्षा तेच पैसे उंचीत आणि कापडात घाला. आणि वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेऊच नका, भाड्यानं घ्या. माळ्यावर पडलेला तंबू कितीही स्वस्त असला तरी महागच.

असो. मी शेवटी सहा जणांचा घेतला, जवळजवळ तिप्पट पैसे मोजून. बायकोनं दोन दिवस अबोला धरला. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर तो उभारला आणि वरून अर्धा तास पाइपनं पाणी सोडलं. लोड टेस्टिंग! एक थेंब आत आला नाही. मग बाबा आले, न वाकता आत शिरले, ताठ उभे राहून चहूकडे बघितलं.

"पंखा कुठे लावणार?" म्हणाले.

म्हणजे येतायत.