दूध संघाला, शेंगा बाजाराला. घरच्या ताटात काय?

कोल्हापूर जिल्ह्यात खायला कमी आहे असे कुणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. पहाटेच गावोगावच्या दूध संस्थांत कॅन भरतात, ऊस कारखान्याला जातो, इथल्या गुळाचे नाव देशभर आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे बघा. 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी जवळजवळ 69 जणांची तीच गत. पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुले वयाच्या मानाने खुजी. 2015-16 च्या पाहणीत रक्त कमी असलेल्या स्त्रिया शंभरात 48 होत्या. म्हणजे आकडा उतरायचा सोडून चढला. हे आकडे सबंध राज्याचे असले, तरी आपण त्यातून सुटलो असे समजून चालणार नाही.

पिकवणाऱ्याच्याच राज्यात असे का? एक कारण आपल्या रानातच आहे. ऊस वर्ष-दीड वर्ष रान अडवतो. तूर, मूग, पावटा, चवळी घरच्या रानातून घरात यायची, ती आता दुकानातून पावशेराने येते. विकतची डाळ म्हटली की आमटी पातळ होते. दुधाचेही तेच. दर दहा दिवसांच्या बिलावर घर चालते, म्हणून आधी कॅन भरतो आणि उरले तर पोराला. बिल नको असे कोण म्हणेल? पण विकण्याआधी घरचे मोजून बाजूला काढायचे, एवढा नियम केला तरी पुष्कळ साधेल.

किती काढायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलेले माप मोठ्या माणसासाठी असे आहे: दिवसाला 300 मिलिलिटर दूध किंवा तेवढ्याचे दही-ताक, सुमारे 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, आणि भाजीपाला व फळे मिळून अर्धा किलो. एकदम एवढे जमत नसेल तर निम्म्यापासून सुरुवात करा. आता नेहमी विचारले जाणारे चार प्रश्न घेऊ.

गूळ खाल्ला की रक्त वाढते ना? कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण हिशोब करा. शंभर ग्रॅम गुळात लोह साधारण साडेचार-पाच मिलिग्रॅम. दहा ग्रॅमचा खडा खाल्ला तर अर्धा मिलिग्रॅम. बाईला दिवसाला लागते 29 मिलिग्रॅम. ही तूट गुळाने भरायची म्हटली तर रक्ताआधी साखरच वाढेल. लोहासाठी मोड आलेली मटकी, चवळी, पालेभाजी, अंडी, मटण यांच्याकडे वळा. कडधान्यावर लिंबू पिळा. आंबटामुळे लोह अंगी लागते.

जेवल्यावर चहा चालतो का? जेवणाला लागून नको. चहामुळे जेवणातले लोह नीट अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्या. आणि पोराच्या हातात सकाळी चहा-बटर देण्याऐवजी घरचे दूध, भाकरी आणि मूठभर शेंगदाणे द्या. पोर अगदी लहान असेल तर शेंगदाणे कुटून द्या, आख्खे दाणे नरड्यात अडकतात.

भाकरी कशाची चांगली? चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या भागाला नाचणी काही नवी नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात ते नाममात्रच. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. आपल्याला मात्र आंबील कुणी शिकवायला नको. धान्य कुठलेही असो, तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ, हे प्रमाण लक्षात ठेवा.

रविवारी मटण होतेच की! होते, पण एका दिवसाच्या रश्श्यावर सहा दिवस निघत नाहीत. शिवाय ते कुणाच्या ताटात पडते? सगळ्यांची जेवणे उरकून घरची बाई बसते तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, फोड नसते. शंभरातल्या 54 जणींचे एक कारण इथे, चुलीपाशी आहे. याला पैसा लागत नाही. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचे, नाहीतर तिचे आधी काढून ठेवायचे.

आता सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी दोन गोष्टी. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे द्यायचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे असे ठरले. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून बारा ग्रॅम मिळावीत असा नियम आहे. म्हणजे निम्मे काम एक अंडे करते. गावच्या जत्रेला वर्गणी जमते, तशी यालाही जमू शकते.

दुसरे, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणाचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. अंगणवाडीत दरमहा मुलांची वजने-उंची होते का, गरोदर बाईला 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस लोहाच्या गोळ्या पोचतात का, आणि ती त्या खाते का, हेही विचारा. गोळ्यांनी पोटात मळमळते म्हणून डबी फळीवर पडून राहते. अशा वेळी गोळी बंद करू नका, आशाताईंना सांगा.

उसाच्या सरीत भुईमूग किंवा हरभरा, बांधावर शेवगा आणि तूर, परसात पालेभाजीचा वाफा. एवढ्याने उसाचे टनेज कमी होत नाही, पण घरच्या ताटाला आधार मिळतो. म्हैस आजारी पडली की आपण रात्री डॉक्टर आणतो, गाभण असली की तिला वेगळी पेंड घालतो. घरच्या लेकी-सुनांच्या वाट्याला निदान तेवढी काळजी यायला नको का?