तुपावरचा आळ

उल्हासनगर कॅम्प २ ला मी बोकड द्यायला जातो. तिथं गिऱ्हाईक ऐकवतं, "काका, मटण न् तूप बंद केलंय, तब्येतीसाठी." आणि हातात काय? फरसाणाची पुडी! सकाळपासून उकळत असलेल्या तेलातली.

अहो, माझा बोकड बदलापूरच्या माळावर दिवसभर चालतो, बोरी-करवंदीचा पाला ओरबाडतो. त्याच्या अंगावर चरबी चढणार किती? चरणाऱ्या गाईचं तूप पिवळं दिसतं ते हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळं, रंग घालून नव्हे. १९३७ साली डालडा आला. तेलात हायड्रोजन सोडून गोठवलेला, आणि नाव काय, तर वनस्पती तूप! असल्या गोठवलेल्या तेलातली ट्रान्स फॅट काळजाला घातक. हे कळूनही ती २ टक्क्यांवर आणायला सरकारला २०२२ उजाडलं. तोवर आळ कुणावर? घरच्या लोणकढ्या तुपावर.

वाटीनं तूप प्या असं मी म्हणत नाही. भाकरीवर चमचाभर, पंधरवड्यातून एकदा मटण. (आम्हाला परवडायचंच तेवढं.) पण माळांचे आता प्लॉट पडतायत. उद्या बोकड चरायचे कुठं, बिल्डिंगच्या पार्किंगात?