मंत्रचळ आणि पूरकांची बाटली

कुलूप लावून निघालेला माणूस जिन्यावरून चारदा परत फिरतो. हात धुऊन धुऊन कातडी सोलवटते, तरी मनातला विटाळ जात नाही. मराठीने या अवस्थेला ‘मंत्रचळ’ असा नेमका शब्द दिला. वैद्यकशास्त्र तिला ओसीडी म्हणते. शब्द जुना असला, तरी ही उपचार होऊ शकणारी व्याधी आहे, ही जाणीव आपल्या घरांत रुजलेली नाही. सोवळ्याच्या आडोशाला ती वर्षानुवर्षे खपून जाते. कळली तरी मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढण्यापेक्षा पूरकांची बाटली बरी वाटते. तिला लोकलज्जेचा डाग नसतो.

या बाटल्यांमागे शास्त्र मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इस्रायलमधील संशोधकांनी १९९६ साली अवघ्या १३ रुग्णांना सहा आठवडे रोज १८ ग्रॅम इनोसिटॉल दिले आणि लक्षणे घटल्याचे नोंदविले. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या हिशेबाने हे दिवसाला छत्तीस गोळ्या होतात! पुढे तेच द्रव्य नेहमीच्या औषधांच्या जोडीला देऊन पाहिले, तेव्हा ठोस लाभ दिसला नाही. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून रुग्णालयांत वापरले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन काही चाचण्यांत उपयोगी ठरले, काहींत नाही.

अश्वगंधा आपल्या मातीतली, म्हणून निर्धोक, ही समजूतही तपासून घ्यावी. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सेरोटोनिन वाढविणाऱ्या औषधांसोबत सेंट जॉन्स वर्ट ही विदेशी वनस्पती घेणे तर जिवावर बेतू शकते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरकांना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. तो दावा दुकानदार तोंडी करतो, ही गोष्ट वेगळी.

वस्तुतः खात्रीचे उपाय उपलब्ध आहेत. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनहून मांडलेल्या पद्धतीतून विकसित झालेल्या उपचारात रुग्ण भीतीच्या वस्तूला स्पर्श करतो आणि हात न धुता ती अस्वस्थता ओसरू देतो. औषधांना गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि घरचे लोक पंधरा दिवसांतच ‘काही फरक नाही’ म्हणून ती बंद करतात. बाटली शिरते ती नेमकी या फटीतून. मग गोळ्या मोजणे, पुन्हा मोजणे, हाच नवा मंत्रचळ होऊन बसतो.

डॉक्टरांना सांगून एखादे पूरक जोडीला घेण्यास हरकत नाही. चोरून घेण्यास आहे. आणि पहिली पायरी चढण्याचा संकोचच असेल, तर केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते.